नाव टाकलेली केटली

मला एक हलकी केटली हवी होती, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी मी अमरावतीच्या जवाहर रोडवरची सात दुकानं पालथी घातली आणि त्यातल्या पाच ठिकाणी भांडून आले.

आपल्याकडे स्टीलचं भांडं वजनावर विकतात. दुकानदार ते आधी स्वतःच्या हातावर तोलतो, मग तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, "पाहा, कसं भरगच्च हाय." मी पर्समधून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, त्याच्या काउंटरवर मांडला आणि केटली त्यावर ठेवली.

"चारशे तीस ग्रॅम. याच्याहून हलकी दाखवा."

वजन कमी तर पैसे कमी, म्हणून बाई हलकं मागतेय, असं त्याला वाटलं. "म्याडम, एवढं हलकं भांडं तं कोनी आंदणात पन देत नाई," तो म्हणाला.

"आंदणात नाही द्यायचं. पाठीवर घेऊन डोंगर चढायचा आहे."

यावर त्यानं विजेवर चालणारी केटली काढली. डोंगरावर बटण कुठं आहे तेवढं सांगा, असं म्हणून मी बाहेर पडले.

मी कौशल्या तायडे. वय एकोणपन्नास, वजन बावन्न किलो. राहते अमरावतीत, नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही आणि का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना उत्तर देत नाही. लहानपणापासून दमा आहे. माझी आई, सुंदराबाई, दम्यानंच गेली. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर मला माझ्या ताईनं, दीपमालाताईनं वाढवलं. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, अकोल्याला राहते, आणि माझा श्वास अजूनही ती तिकडून मोजत असते.

मागच्या वर्षी मी एका मोठ्या कंपनीबरोबर हिमाचलात ट्रेकला गेले होते. दुसऱ्या दिवशी मला धाप लागली. सॅक होती अकरा किलोची, कारण ताईनं दिलेली एकही वस्तू मी नाकारली नव्हती. त्यांनी माझी सॅक खेचरावर टाकली आणि तिसऱ्या दिवशी मला खालच्या तंबूतच ठेवून दिलं. सगळे वर गेले. खाली मी आणि खेचरवाला. तो बिचारा दिवसभर मला चहा पाजत होता आणि मी दिवसभर रडत होते. लाज वाटली होती मला, खरं सांगते. घरी आल्यावर मी शपथ घेतली, की पुढच्या वर्षी जाईन आणि माझं ओझं माझ्याच पाठीवर असेल.

या वर्षी मी रागिणीच्या ग्रुपमध्ये नाव नोंदवलं. रागिणी अकोल्याची, तिशीच्या आतली, आणि शब्दाची पक्की. तिच्याकडे खेचर नाही. ज्याची सॅक त्याच्या पाठीवर. माझी तब्येत आणि डॉक्टरांचा कागद बघून तिनं मला सांगून टाकलं, "मॅडम, तुमच्यासाठी आठ किलो. त्याच्यावर एक ग्रॅम नाही. निघायच्या दिवशी मी काट्यावर बघणार. जास्त भरली तर तुम्ही घरी." मला तो नियम आवडला. दया दाखवणाऱ्यांचा मला कंटाळा आला होता.

मग मी रोज पहाटे पाठीवर तुरीच्या डाळीच्या पिशव्या घेऊन छत्री तलावापर्यंत चालायला लागले. लोक हसायचे, हसू दे. घरी प्रत्येक वस्तू काट्यावर चढली. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. टॉवेलाच्या जागी पंचा आला. पण एक गोष्ट सोडता येत नव्हती, ती म्हणजे गरम पाणी. थंडीत दर दोन तासांनी गरम पाण्याचे घोट घेतले, की माझी छाती मोकळी राहते. डॉक्टर म्हणाले होते, "पंप जवळ ठेवा, गरम पाणी पीत राहा, आणि खुशाल जा." पातेलं चालत नव्हतं, मागच्या वर्षी हातमोज्यात धरलेलं पातेलं निसटून अर्धं पाणी माझ्याच बुटात गेलं होतं. म्हणून केटली.

दुकानांत जमलं नाही तेव्हा मोबाईलवरून मागवल्या. पहिलीची तोटी इतकी बारीक, की पाणी थेंबाथेंबानं पडायचं. दुसरीची मूठ तापायची. टायटॅनियमची सगळ्यात हलकी, पण ती अंगानं उंच आणि बुडाला अरुंद. आच बाजूनं निघून जायची आणि पाणी उकळायला उशीर. दोन परत पाठवल्या, तिसरी शेजारच्या ललितच्या गळ्यात मारली. चौथी बरोबर निघाली. ॲल्युमिनियमची, पसरट बुडाची, मूठ दुमडणारी, झाकण घट्ट बसणारं. पाऊण लिटर पाणी पावणेपाच मिनिटांत. वजन एकशे अठ्ठावन्न ग्रॅम. मी तिचा पत्रा बोटानं दाबून बघितला, किंचित आत जायचा. एवढी पातळ होती, म्हणूनच तर हलकी होती. ती सॅकमध्ये गेली आणि एकूण वजन झालं सात किलो नऊशे चाळीस. त्या रात्री मी शांत झोपले.

गाडी अकोल्याहून शनिवारी होती. मी शुक्रवारी सकाळीच ताईकडे गेले. ताई दारातच म्हणाली, "आली बाप्पा हिमालयवाली." मग माझ्या पाठीवरची सॅक बघून तिचं तोंड उतरलं. जेवताना तिनं तीनदा विचारलं, की ट्रेक रद्द होऊ शकतो का. मी तीनदा नाही म्हणाले.

"आईचं काय झालं, मायित हाय नं तुले?"

"माहीत आहे. पण आई डोंगर चढताना नाही गेली, ताई. चुलीच्या धुरात गेली."

तिनं ताटं उचलली. मी दुपारी आडवी झाले.

चारला उठले तर ताई ओट्याजवळ उभी. चेहरा खुललेला. म्हणाली, "तुह्या केटलीतच मांडते चहाचं पानी. पाहू तरी कशी हाय." मला बरं वाटलं. एवढ्या महिन्यांत तिनं माझ्या ट्रेकमधल्या कशातच रस घेतला नव्हता. तिनं केटली भरून गॅसवर ठेवली. आणि गॅस फुसफुसायला लागला.

मी केटली उचलली. बुडाच्या जरा वर, बाजूला, सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: कौशल्या तायडे, अमरावती. आणि त्या नावातून पाण्याचा थेंब बाहेर येत होता. एक पडला की दुसरा.

"हे काय आहे?"

"नाव टाकून आनलं," ताई म्हणाली. "तू झोपली तवा गेलती बजारात. तिथी वीस लोकं, वीस भांडे. बिननावाचं भांडं वापस येत नाई कौशे. विहारात खिरीच्या दिवशी आपले तीन गंज, मोठे मोठे पातेले, गेले, याद हाय का? नाव नव्हतं म्हनून गेले."

आमच्याकडे भांडं घरात आलं, की आधी त्यावर नाव पडतं. ताईच्या घरात चमच्यावरसुद्धा नाव आहे. पण ती भांडी जाड असतात. त्यांना सुई टोचली तर ओरखडा पडतो. माझ्या केटलीला टोचली तेव्हा आरपार गेली.

माझा तोल गेला. "चार महिने!" मी ओरडले. "चार महिने ही केटली शोधली मी! आणि तू एका दुपारीत तिला भोक पाडलं! तुला मी जायलाच नको आहे ना? तसं सरळ म्हण की! मी आजारी राहिले की तुला बरं वाटतं!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच नकोसं झालं. ताईनं केटलीतलं पाणी मोरीत ओतलं, पदरानं केटली पुसली, पायात चप्पल घातली आणि बाहेर पडली. मी तिच्या मागे धावले.

भांडेबाजारात एका दुकानाच्या पायरीवर देवराव नावाचे म्हातारबुवा नाव टाकायचं यंत्र घेऊन बसतात. त्यांनी केटली उजेडात धरली.

"मी सांगतलं होतं बाईले, पत्रा पातळ हाय. बाई म्हने, टाका. माही बहीन पहाडावर चालली, तिचं नाव पायजेच."

ताई दुसरीकडे बघत राहिली.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "कथलाचा डाग नका देऊ. त्यात शिसं असतं, मला यातलं पाणी प्यायचं आहे."

"मास्तरीन हाय काय?" देवराव म्हणाले. "मले समजते थे. रिबिट मारून देतो."

त्यांनी भोक जरा मोठं केलं. मग त्यांनी ॲल्युमिनियमची बारीक रिबिट, म्हणजे खिळ्यासारखी रिव्हेट, त्यात घातली, आतून गोल चकती लावली आणि लहान हातोडीनं ठोकू लागले. एक ठोका चुकीचा पडला असता तर पत्रा फाटला असता. ठोके पडत होते तेव्हा ताईनं माझं मनगट धरलं होतं. दुखेल इतकं घट्ट.

"मले नव्हतंच वाटत तू जावं म्हनून," ती हळूच म्हणाली. "खोटं काहून बोलू? पन नाव त्याच्यासाठी नाई टाकलं. आता तू ऐकत नाईस, तं नीट जाय, वस्तू नीट वापस आन, असं वाटलं."

"मी बोलले ते वाईट बोलले, ताई."

"बोलली तं बोलली."

घरी येऊन आम्ही केटली भरली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. तासभर दोघी समोर बसलो. कागद कोरडा राहिला. मग गॅसवर ठेवली. पाणी उकळलं, रिबिट हलली नाही. काट्यावर एकशे बासष्ट. चार ग्रॅम वाढले. सातशे नव्याण्णव वेळा हिशेब केलेल्या माझ्या डोक्यानं लगेच सांगितलं, सात किलो नऊशे चव्वेचाळीस. चालतंय.

सकाळी सातला रागिणीच्या अंगणात सगळे जमले. आंब्याच्या फांदीला तिनं आकडीचा काटा टांगला होता. एकेकाची सॅक लागत होती. माझी लागली.

"आठ किलो सहाशे दहा," रागिणी म्हणाली.

"शक्यच नाही."

तिनं पुन्हा लावली. आठ सहाशे दहा. "मॅडम, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, पण बदलणाराही नव्हता. "इथं सहाशे ग्रॅम काही वाटत नाहीत. वर ते तुमच्या छातीवर बसतात. मी तुम्हाला तसं नेणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. मागच्या वर्षीचा तो तंबू, तो खेचरवाला, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी वाकून सॅकचा बंद ओढला. काय काढू? स्वेटर एकच होता. पंप काढता येत नव्हता. हाताला केटली लागली. तीच काढावी, बाकी बघून घेऊ, असं म्हणून मी ती बाहेर ओढली.

"थे ठेव," ताई म्हणाली.

ती मला पोचवायला आली होती आणि इतका वेळ फाटकाशी उभी होती. ती आली आणि माझ्या सॅकपुढं अंगणात मांडी घालून बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सॅकच्या तळाशी कोपरापर्यंत हात घातला आणि डिंकाच्या लाडवांची पिशवी काढली. मग कापूस भरलेली बंडी काढली. मग पायमोज्यांच्या जोडातून ओव्याची पुडी काढली आणि बाजूच्या कप्प्यातून तेलाची बाटली.

"ताई!" मी म्हणाले.

"सकाळी भरलं. तू आंघोळीले गेलती तवा." सगळ्यांदेखत ती सांगत होती. "पोरी, लाव आता काट्याले," ती रागिणीला म्हणाली.

रागिणीनं सॅक लावली. काट्याचा आकडा थरथरला आणि थांबला.

"सात नऊशे चव्वेचाळीस," ती म्हणाली. "मॅडम, चला."

लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. ताईच्या मांडीवर लाडू, बंडी, ओवा, तेल, सगळं पडलं होतं. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी केटली जागेवर ठेवली, बंद आवळला आणि सॅक उचलायला गुडघ्यावर बसले.

पट्टा खांद्यावर घेतला तशी ताई झटकन उठली. सवयीनंच तिचे दोन्ही हात सॅकखाली गेले. मी थांबले. ताईही थांबली. मग तिनं हात काढून घेतले, पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि म्हणाली, "उठ कौशे."

मी उठले.