पावणेचारचा आत्मा

पावणेचार वाजत आले की एक्स-रे विभागाच्या सर्व्हरखोलीबाहेर मुंगीला शिरायला जागा उरत नसे. नर्स, वॉर्डबॉय, फिल्मची वाट बघणारे पेशंट, सगळे काचेला नाक लावून उभे. संगणकांचे पडदे गोठत, एकही फिल्म उघडेनाशी होई, आणि मग आत्मे उतरवणारे एक बाबा आत शिरत.

"आलं लेकरू," बाबा डोळे मिटून म्हणत. "यंत्रात जीव अडकलाय त्याचा. अकरा मिनिटं मौन द्या."

मौन म्हणजे मेन स्विच बंद. अकरा मिनिटांनी तो चालू केला की यंत्र सुरळीत धावू लागे आणि लोक हात जोडत. बटण बंद करून चालू करायलाही बाबा लागतो, हे ज्ञान विभागाला नव्यानेच झालं होतं.

लेकरू म्हणजे तिथला प्रोग्रामर. फिल्म पडद्यावर दाखवणारा प्लगइन, म्हणजे मोठ्या सर्व्हरला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्याने लिहिला होता. दोन महिन्यांपूर्वी दुपारी पावणेचारला तो जिन्यावर कोसळला आणि गेला. दुसऱ्याच दिवशी यंत्र त्याच सुमारास थांबलं. पुढे ते कधी साडेतीनला थांबे, कधी चारला. पण लोकांनी पावणेचार तेवढं लक्षात ठेवलं.

त्याची धाकटी बहीण तिथेच ऑपरेटर होती. आठवड्याने ती कामावर आली, पण चहा गरम आहे की गार, हेही तिला कळत नव्हतं. लोक म्हणत, पोरगी धीराची आहे. धीर कसला, आत सगळं बधिर झालं होतं.

बाबाचंही तिला काही वाटलं नसतं. पण आई रोज तीनला येऊन सर्व्हरशेजारी स्टुलावर बसायला लागली, यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून लेकाशी बोलायला लागली. औषधाच्या वासाला आत्मा जवळ येत नाही, असं बाबाने तिला सांगितलं होतं. बारा वर्षं रक्तदाबाची गोळी न चुकवणाऱ्या बाईने गोळी सोडली. परवा स्टुलावरून उठताना तिला भिंत धरावी लागली.

"आई, गोळी घे."

"आधी तो सुटू दे. मग घेते."

बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बहीण पडद्यासमोर बसली. कोणता प्रोग्राम किती मेमरी अडवून बसलाय, त्याचे आकडे तिने लावले. एक फिल्म उघडली की प्लगइनचा आकडा वर चढे, आणि फिल्म बंद केली तरी खाली येत नसे. पंगतीत प्रत्येकाला नवं ताट द्यायचं आणि एकही उष्टं ताट उचलायचं नाही, तसं चाललं होतं. पावणेतीनशेच्या आसपास फिल्म झाल्या की जागा संपे. रात्री सर्व्हर बंद होत असल्याने मोजणी रोज सकाळी नव्याने सुरू होई, आणि तेवढ्या फिल्म व्हायला पावणेचारच्या आसपासची वेळ होई. रविवारी जेमतेम तीस होत, म्हणून रविवारी आत्म्याला सुट्टी.

मग दादा असताना यंत्र कसं थांबत नव्हतं? तिने जुन्या नोंदी उघडल्या. रोज दुपारी दीडला प्लगइन बंद, लगेच चालू. हाताने, दादाच्या नावाने, दोन वर्षं. मेमरीची ही गळती त्याला माहीत होती. ती शोधायचं काम तो उद्यावर ढकलत राहिला, आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वेळ मारून नेत राहिला. तिने नोंदी शेवटपर्यंत वाचल्या. डोळे कोरडेच होते.

विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन तिने त्याच सकाळी दहाला बाबाला आणि आईला बोलावलं. गर्दी आपोआप झाली. मग ती एकच फिल्म उघडत आणि बंद करत राहिली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पडदे गोठले.

"आत्म्याला वेळेचं बंधन नसतं," बाबा घाईने म्हणाले.

"मग दोन महिने पावणेचारचं बंधन कोणी घातलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बहिणीने मेन स्विचला हातही लावला नाही. फक्त प्लगइन बंद करून चालू केला. चार सेकंदांत फिल्म उघडली. मागून कोणीतरी हसलं, आणि बाबांना तातडीचं बोलावणं आठवलं.

आई स्टुलावरून उठली नाही. "म्हणजे तो इथे नव्हताच?"

"नव्हता, आई. त्याची एक चूक होती इथे. रोज दीडला तो ती सावरायचा. आता सावरायला कोणी नाही, एवढंच."

"दीडला मी फोन करायचे, जेवलास का म्हणून," आई म्हणाली. "पाच मिनिटं थांब, म्हणायचा." तिने पत्र्यावरचा हात काढून घेतला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

बहिणीला अजूनही रडू आलं नाही. तिने पर्समधली गोळी आणि पाण्याचा ग्लास आईपुढे धरला. आईने गोळी गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग उष्टं ताट उचलणारी, दादाने दोन वर्षं टाळलेली ती एक ओळ प्लगइनमध्ये लिहायला बसली.

यंत्र अडलं तर आत काय साठलंय ते उघडून बघावं. माणूस गेला तर तो गेला म्हणावं. दोन्ही कामं कठीण आहेत, म्हणूनच ती बाबाच्या हाती देऊ नयेत.