दीडच्या वर

मी नगरपालिकेसाठी पाणी तपासते. लोकांना वाटतं, म्हणजे ग्लास उजेडात धरायचा आणि मान हलवायची. अहो, एवढंच असतं तर आमच्या शेजारच्या आजोबांनीही केलं असतं, ते दिवसभर मानच हलवतात! माझ्याकडे पेटी असते. पेटीत प्लॅस्टिकच्या बाटल्या, काचेच्या दोन नळ्या, लाल रसायनाची कुपी आणि एक रंगपट्टी. पाण्यात फ्लोराइड नसेल तर थेंब टाकल्यावर रंग गुलाबी राहतो. जसजसं जास्त, तसतसा नारिंगी होत जातो, आणि फारच असेल तर पिवळाधमक. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आत असेल तर खुशाल प्या. वर गेलं की मी तोंड उघडते, आणि मी तोंड उघडलं की लोकांचा पारा चढतो. सहा वर्षांत तिघांनी मला दारातून परत पाठवलंय आणि एका काकांनी तर पेटीला लाथ मारलीय. मीही काही गप्प बसून ऐकलेलं नाही.

पण त्या मंगळवारी मात्र माझी पाचावर धारण बसली होती. ज्या घरी निघाले होते ते माझ्या 'त्याचं' घर होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी चोवीस बाटल्या घेऊन मी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकले, तेव्हा वरून आवाज आला, "घाबरू नका, श्वास घ्या!" मी ओरडले, "श्वास घेतेच आहे, तुम्ही पाना घ्या!" झालं. बाहेर काढल्यावर त्याने मला चहा पाजला आणि तेव्हापासून आमचं जे सुरू आहे ते आहे.

त्याची आई कपडे धुवायचं दुकान चालवते. गल्लीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणतात. एक तर इस्त्री करते म्हणून, आणि दुसरं, तिच्यासमोर माणूस आपोआप सरळ होतो म्हणून. त्याच्या मावशीने सुचवलेल्या दोन मुली तिने आधीच नाकारल्या होत्या. एकीने कपाटाचं दार पायाने लावलं, दुसरीने खुर्ची उचलायच्या ऐवजी ओढली.

"तू तपासणीला ये," तो म्हणाला. "आई तुला काम करताना बघेल. आवडलीस की मी लगेच सांगतो, हीच ती."

"आणि नाही आवडले तर?"

"तरी लग्न करूच गं. पण मग आई तुझ्याशी गोड बोलेल. जन्मभर गोडच बोलेल. ते काय असतं तुला माहीत नाही."

मला माहीत होतं. आमच्या घरात बाबा, दोन भाऊ आणि मी. आई मी चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून माझ्याशी सगळ्या बायका गोडच बोलत आल्यात. मला हक्काने रागावणारी एक बाई हवी होती, सरळ सांगते. आणि ती हीच असावी असं मला तिच्या गोष्टी ऐकून ऐकून वाटायला लागलं होतं.

दुकानात शिरले तर वाफ, टांगलेले शर्ट आणि गरम कापडाचा वास. मागे स्वयंपाकघर. बाई गं, काय ते स्वयंपाकघर! प्रत्येक भांड्यात माझा चेहरा दिसत होता, आणि तो प्रत्येक भांड्यात घाबरलेला होता. इस्त्रीबाई बुटकीशी, चष्मा कपाळावर सरकवलेला. तो कोपऱ्यात स्टुलावर बसून टेबलफॅनचा एकच स्क्रू काढत होता आणि परत तोच लावत होता.

"या ताई," ती म्हणाली, आणि एक चकचकीत स्टीलचा जग माझ्यापुढे धरला. "सकाळीच भरून ठेवलंय. आमच्या बोअरचं. गल्लीतली दहा घरं प्यायला इथूनच नेतात."

आता ऐका. घरातल्या भांड्यातलं पाणी कधीही घ्यायचं नाही. नळ दोन मिनिटं सोडायचा आणि आपल्या बाटलीत भरायचं. नव्या मुलींना हा नियम मी स्वतः शिकवते, आणि एखादी चुकली तर तिची अशी खरडपट्टी काढते की बस. आणि मीच येड्यासारखा तो जग दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "हो काकू."

नळीत पाणी घेतलं, पाच थेंब टाकले, हलवलं. पिवळं! नारिंगीत क्षणभरही न थांबता थेट पिवळं. रंगपट्टीवर इतका पिवळा रंगच नव्हता. दुसरी नळी घेतली. तेच. कोपऱ्यातला स्क्रू थांबला.

"काय झालं?" इस्त्रीबाईने विचारलं.

"फ्लोराइड जास्त आहे काकू. खूपच."

"खूप म्हणजे किती?"

"पट्टी संपली."

"संपली तर नवी आणा!"

"तशी नाही संपली. पट्टीवरचे आकडे संपले."

तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "माझ्या नवऱ्याने दोनदा खोदलं तेव्हा पाणी नाही लागलं, तिसऱ्यांदा लागलं. अठ्ठावीस वर्षं आम्ही हे पितोय. आणि तुम्ही चार थेंब टाकून सांगता पट्टी संपली?"

"पाच थेंब," मी म्हणाले.

हा माझा स्वभाव! मेल्या जिभेला हाड नाही. स्टुलावरून टेबलफॅनची जाळी खाली पडली आणि फरशीवर गरगर फिरत राहिली.

पण डोक्यात काहीतरी खटकत होतं. इतकं फ्लोराइड अठ्ठावीस वर्षं पोटात गेलं असतं तर ही बाई अशी ताठ उभी नसती. मी जग उचलला आणि आत नाक खुपसलं. पुदिना! गारेगार पुदिना!

"काकू, हा जग कशाने घासलात?"

तिची नजर पहिल्यांदाच खाली गेली. "टूथपेस्टने."

"आतून?"

"आतून, बाहेरून. तळाशी हात पोचत नाही म्हणून जरा जास्तच पिळली. मग धुतला, पण वरवर. चमक जाईल म्हणून." आणि एकदम उसळून म्हणाली, "का? स्टील काय चमकतं त्याने! सगळी भांडी घासली. चार ट्यूबा लागल्या!"

"काकू, टूथपेस्टमध्ये फ्लोराइडच असतं हो!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मग मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. मी सरळ फरशीवर बसले. तिकडे तो स्टुलावर दोन्ही हातांत तोंड लपवून गदगदत होता. इस्त्रीबाई आधी "हसायला काय झालं" म्हणाली, मग "गप्प बसा दोघं" म्हणाली, आणि मग तीच टेबलाला धरून अशी हसली की चष्मा घसरून जगात पडला. "बादलीसुद्धा घासलीय गं बाई," ती कशीबशी म्हणाली, "साबणाची डबीसुद्धा!" आम्ही पुन्हा सुरू. पोट दुखायला लागलं. मला वाटलं, जिंकलं!

त्याने मला डोळ्यांनीच खुणावलं. बास. पेटी बंद कर, निघ. हसत हसत निघून जा.

खरंच निघता आलं असतं. पण कागदावर आकड्याची जागा रिकामी होती, आणि दहा घरं तिथून पाणी नेत होती. माझा हात आपोआप नळाकडे गेला. "नळातून घ्यायचं राहिलंय," मी म्हणाले.

दोन मिनिटं नळ सोडला. ती अजून डोळे पुसत होती. माझ्या बाटलीत, माझ्या हाताने भरलं. पाच थेंब.

नारिंगी.

पिवळं नाही, पण गुलाबी तर नाहीच नाही. मी पट्टी खिडकीशी नेली, परत आणली. दुसरी नळी केली. दोनचा रंग. हुबेहूब. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"काकू," मी म्हणाले, "दोन आहे. दीडच्या वर. पक्का आकडा प्रयोगशाळा देईल, पण दीडच्या आत काही येणार नाही."

"आता टूथपेस्ट नाही?"

"नाही."

"मी उकळून देते सगळ्यांना."

"उकळल्याने कमी होत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि हे मागे राहतं. उलट वाढतंच."

"आणि कपड्यांना?"

"कपड्यांना काही नाही. खुशाल धुवा. अंघोळीलाही चालेल. प्यायला आणि स्वयंपाकाला नको."

"प्यायल्याने होतं काय?"

मी नेहमीसारखं घडाघडा सांगितलं, चारशे घरांत सांगते तसं. "जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हाडं दुखतात. एवढ्याने मोठ्यांना सहसा त्रास होत नाही. पण लहान मुलांचे पक्के दात तयार होत असतात ना, त्यांच्यावर डाग पडतात. तपकिरी रेघा. कितीही घासलं तरी जात नाहीत."

बोलून गेले आणि मग कळलं मी काय बोलले.

कोपऱ्यात तो बसला होता. तोंडावर हात. हसत नव्हता, तरी हात तिथेच होता. लोकांच्या पोरांना मी दारातच "आ कर" म्हणते आणि दात बघते. याचे दात मी दोन वर्षं जवळून बघितले होते, अगदी जवळून, आणि मला त्या रेघा आवडायच्या. बस, आवडायच्या! त्यापुढे डोकं चाललंच नव्हतं. असली मी पाणी तपासणारी.

"घासून जात नाहीत?" इस्त्रीबाईने हळूच विचारलं.

"नाही काकू."

"मी याला दोन-दोनदा घासायला लावायचे. रडायचा. शाळेत जाताना दारात उभं करून तोंड उघडायला लावायचे आणि आळशी म्हणायचे. मित्रांसमोर म्हणायचे."

"जाऊ दे ना आई," तो म्हणाला.

"जाऊ कसं देऊ?"

संपलं, मला वाटलं. हसवून जिंकलं होतं आणि खरं बोलून घालवलं. मी नळ्या धुतल्या, पेटीची कडी लावली. "येते मी काकू. अहवाल येईल."

"बस खाली!"

मी होते तिथेच फरशीवर बसले. तिने शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा घेतला, कपड्यांवर खूण करायच्या काळ्या शाईने मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे पाणी पिऊ नका. फक्त धुण्यासाठी', आणि मागच्या दारी नळाला बांधून आली. "दहाही घरी मी स्वतः जाऊन सांगणार. प्यायला कुठलं आणायचं?"

"कोपऱ्यावरच्या टाकीचं. मीच तपासलंय. अर्ध्याच्या आसपास आहे."

"मग उद्यापासून हाच जाऊन कॅन भरून आणेल. आणि एक नीट ऐकून ठेव. पोरांच्या तोंडी या बोअरचा थेंब जाता कामा नये. तुमच्या पोरांच्या तर नाहीच नाही."

"आमच्या?" तो आणि मी एकदम ओरडलो.

"मला काय वेडी समजलात?" ती कडाडली. "याचे कपडे कोण धुतं? धुण्याआधी खिसे कोण तपासतं? दर शनिवारी खिशात बाटलीवरची चिठ्ठी. पाणी तपासायला बाई येणार म्हटलं तेव्हाच ओळखलं, आणि आज तपासणीच्या कागदावर तेच अक्षर. चिठ्ठ्यांवर नमुना क्रमांकाच्या जागी तू काय काय लिहितेस ते मी वाचलेलं नाही. एकदाच वाचलंय. चार ट्यूबा मी काय नगरपालिकेसाठी पिळल्या? आणि फरशीवर काय बसतेस गं, सर्दी होईल, ऊठ!"

मी ताडकन उठले. मला रागावली! हक्काने, तोंडावर, बोट नाचवत! मला नाचावंसं वाटत होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

मग ती त्याच्याकडे वळली.

"हात काढ तोंडावरचा."

"आई, नको ना."

"काढ म्हणते ना."

त्याने हात काढला. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं आणि या वेळी त्याने ते लपवलं नाही. तिने चष्मा चढवून एकेक दात नीट बघितला.

"चांगले आहेत की रे," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पदराने पुसत राहिली.