ल्युशसला कुणी 'आमेन' म्हटलं नाही

आमच्या चर्चमध्ये बोलणारा एकटा कधीच बोलत नाही. त्याने एक ओळ टाकली की बाकांवरून 'सांग बाळा', 'खरंय' असे बोल येतात, मधल्या श्वासात मी ऑर्गनवर सूर भरते, आणि साधं बोलणं हळूहळू गाणं होऊन वर चढतं. त्या घटकेला देव छपरापर्यंत खाली येतो, अशी माझी श्रद्धा आहे. साथ मिळाली नाही तर बोलणाऱ्याचं काय होतं, हे मिसिसिपीच्या या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ल्युशस टॉलिव्हर इथलाच. पहिलं प्रवचन त्याने माझ्याच सुरावर केलं. पुढे तो एका मोठ्या देणगी संस्थेत साहेब झाला आणि केटुरा चालवते त्या 'मुलींच्या घरा'त संस्थेचे पाहुणे आणू लागला. केटुरा आणि तिच्या हाताखालच्या पोरी, सगळ्या आमच्याच काळ्या वस्तीतल्या. अडलेल्या बाईला गाडीत घालून लांबच्या हॉस्पिटलात पोचवतात, बाळंतपणानंतर घरी जाऊन बघतात. पाहुणे डोळे पुसायचे, फोटो काढायचे. केटुराने पैशांचं काढलं की ल्युशस म्हणायचा, "एवढी रक्कम तुम्हा पोरींना झेपायची नाही."

यंदा त्याने तेच काम जसंच्या तसं उचलून आपली योजना म्हणून मांडलं आणि सगळी देणगी राजधानीतल्या एका गोऱ्या गृहस्थाच्या संस्थेला द्यायचा बेत केला. उरलीसुरली मदतही तिकडे वळली की केटुराच्या घराला टाळं लागणार, हे उघड होतं. इथे कधीच न आलेल्या बड्या देणगीदारांची अट एवढीच, की गावाची संमती दिसायला हवी. ती दाखवायला रविवारी तो त्यांना चर्चमध्ये आणणार होता.

आदल्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात आम्ही बायका भाजी निवडत होतो. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर ओझेला म्हणाल्या, "उद्या कुणी तोंड उघडायचं नाही."

"मदर, सूड देवावर सोडावा म्हणतात," मी म्हटलं.

"सोडलाय की. आपण नुसतं गप्प बसायचं. त्यात कसलं आलंय पाप?"

रविवारी ल्युशस उभा राहिला. गाव, लेकी, आशा असं बोलू लागला. बाकांवर चिडीचूप. पाहुण्यांना वाटलं, केवढी ही भक्ती. त्यांनीही माना खाली घातल्या. काय चाललंय ते कळत होतं एकट्या ल्युशसला. त्याने आवाज चढवला, सूर लावून पाहिला, माझ्याकडे बघितलं. मी टोपीची पिन नीट करत बसले.

तेवढ्यात मदर ओझेला हळूच म्हणाल्या, "देवा, सावर रे याला."

बुडत्या प्रवचनकारासाठी आमच्याकडे असं म्हणतात. मोत्यांची माळ घातलेल्या पाहुण्या बाई कौतुकाने हसल्या. ल्युशसच्या कपाळावरून मात्र घाम ओघळला.

"हे काम," तो अडखळला. "हे काम मुळात केटुराचं आहे."

"मोठ्याने," मदर म्हणाल्या.

"केटुराचं आहे. आणि तिला आम्ही काही देत नाही आहोत."

माळवाल्या बाई उठल्या. "मग आपण देतोय कुणाला? आणि केटुरा कोण?"

मागच्या बाकावरून केटुरा उभी राहिली. "मी. आणि मला झेपेल."

मग जो गलका झाला! बाईंनी तिथेच तो बेत मोडीत काढला. "उद्या मी तुझ्याकडे येते," त्या केटुराला म्हणाल्या, "एकटी."

पायऱ्यांवर ल्युशसने मदरना गाठलं. "माझी नोकरी जाणार आता."

"मग मुलींच्या घरी ये. भांडी घासायला माणूस हवंच आहे. पगार नाही हं, पण कौतुक पोटभर करू."

"मदर, मला माफ करा."

"देव करेल लगेच. आम्हाला जरा वेळ लागेल."

खाली तळघरात तळलेल्या माशांचा घमघमाट सुटला होता. ल्युशस दाराशी घुटमळला. कुणी त्याचं ताट वाढलं नाही, तसा तो निघून गेला. देव मला क्षमा करो, पण त्या दिवशी मी पीचचा गोड पदार्थ दोनदा मागून घेतला.