वीस वर्षं साखरेवर जळलेली मिठाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे, आणि माझ्या बुचाची शपथ घेऊन ठणकावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

शाळेच्या प्रयोगशाळेत फळीवर उभी राहून मला वीस वर्षं झाली. माझ्या पोटात मीठ. शेजारणीच्या पोटात साखर. दोघी पांढऱ्या, दोघी दाणेदार, पण लाड सगळे तिचे! विज्ञानाच्या बाई तिला हातात घेऊन कौतुकानं सांगायच्या, "साखर सेंद्रिय बरं का. कार्बनचं कुळ, लाखो नातेवाईक!" आणि मला नुसतं बोट दाखवायच्या. "मीठ असेंद्रिय." झालं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा साफसफाईच्या मावशींनी आम्हाला साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. आम्ही लख्ख झालो, पण लेबलं गेली वाहून. बाईंचा नियम कडक. लेबल नाही, तर माल मोरीत.

"थांबा बाई, चाखून सांगते," मावशी म्हणाल्या.

"इथलं काही तोंडात घालायचं नाही, मावशी! उद्या विषारी मोरचूद चाखाल."

"मग ओतू दोन्ही?"

मला घाम फुटला. म्हटलं, ओतायचंच तर त्या भवानीला ओता!

तेवढ्यात तासाला बसलेल्या मुलींपैकी मागच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "बाई, तापवून बघूया की! सेंद्रिय असेल ती काळी पडेल."

आमची एकेक चिमूट चमच्यात घेऊन दिव्यावर धरली. शेजारणीची चिमूट वितळली, तांबूस झाली, फसफसली आणि शेवटी काळीकुट्ट पडली.

"हा कोळसा बघा," बाई म्हणाल्या. "हाच तिच्यातला कार्बन. ही साखर."

माझी चिमूट थोडी तडतडली, पण पांढरी ती पांढरीच. वीस वर्षं तिच्यावर जळले मी, आणि खऱ्या आगीत जळली ती! मुलींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मावशींनी दोघींना नवी लेबलं डकवली. मी वाचले.

म्हणून सांगते मित्रांनो, बाटली खुशाल घासा, पण आधी तिचं नाव जपा.

आणि हो, ते टाळ्यांचं तेवढं मी पदरचं घातलं. टाळ्याबिळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळ्याजणी त्या काळ्या चमच्याभोवती गोळा होऊन म्हणत होत्या, "अगं, काय मस्त वास सुटलाय!"

जळूनसुद्धा कौतुक तिचंच, मेलीचं!