चारच्या ठोक्याचा आवाज

दोन दिवस झाले, चार वाजून गेले तरी सासूबाई बोलल्या नव्हत्या.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे राहिला होता तो आवाज. गाणी, गप्पा, रागावणं, सगळं सुनेने त्या असतानाच रेकॉर्ड करून अडगळीच्या खोलीतल्या सर्व्हरवर ठेवलेलं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून तिनेच तो उभा केला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळणाऱ्या बाईला तेवढं येत होतं. रोज चारला तो आवाज नेटवर्कवरून सासऱ्यांच्या खोलीतल्या स्पीकरवर यायचा. सासरे हयातभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. आता डोळे गेले होते, आणि त्यांचा दिवस त्या चारच्या ठोक्यावर टांगलेला होता.

शनिवारी चारला स्पीकर मुका झाला, तसे तेही मुके झाले. ताटातला घास ताटातच राहू लागला.

तिने शनिवारी राउटर बंद करून चालू केला. रविवारी केबल बदलली. सोमवारी अर्धी रजा टाकून सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. यंत्र जिवंत होतं. सासूबाईंच्या फायली जागच्या जागी होत्या. फक्त बाहेरची वाट बंद.

मग तिने नोंदी उघडल्या आणि तिच्या कपाळावर आठी चढली. शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी बटण दाबून यंत्र बंद केलं होतं. सुरू केलं ते बाराच्या सुमाराला.

शनिवारी अकराला ती शाळेत होती. नवरा बोटीवर, समुद्रात. घरात दोघंच: सासरे, आणि आठवड्यापूर्वी माहेरपणाला आलेली नणंद. सासऱ्यांना दिसत नाही.

नणंद आल्या दिवशीच म्हणाली होती, "आई गेली ती गेली. तिला डब्यात कोंडून रोज चारला बाहेर काढायचं, हे काही बरं नाही, वहिनी."

संशयाला एक बी पुरतं. अडगळीच्या खोलीची किल्ली शनिवारपासून नणंदेच्याच पर्समध्ये होती, आजही तिच्याकडूनच मागून घ्यावी लागली, हे तिला आता आठवलं. आपण सासऱ्यांच्या खोलीत गेलो की ही त्यांच्याशी बोलता बोलता गप्प होते, हेही आठवलं. आणि आज साडेपाचच्या गाडीने निघालीय. काम उरकलं, चालली.

नणंद बॅग भरत होती.

"ताई, शनिवारी अडगळीच्या खोलीत गेला होतात?"

"गेले होते." घडी मोडून ती पुन्हा घातली गेली. "का?"

"यंत्र बंद केलं होतं कुणीतरी."

"कुणीतरी कशाला म्हणतेस? घरात माणसं किती, मोज की."

"हात लावला होतात का, एवढंच विचारते."

"लावला असेल. माहेर आहे माझं, पाहुणी नाही." पण बोलताना तिची नजर वडिलांच्या खोलीकडे गेली आणि परत आली.

सून रागानेच परतली. काय तोडलंय ते तरी पाहू, म्हणून यंत्राची पेटी पुढे ओढली. झाकणाला चार स्क्रू. तीन पोलादी. चौथा पितळी, नखाएवढा.

असे स्क्रू या घरात एकाच डबीत होते.

झाकण निघालं. आत धुळीचा कण नाही. पंख्याच्या कण्याला घड्याळाच्या तेलाचा वास. एकेक भाग काढून, बोटांनी पुसून, पुन्हा बसवलेला. फक्त नेटवर्कचं कार्ड वरच्या खाचेऐवजी खालच्या खाचेत गेलं होतं. चाचपणाऱ्या बोटांना दोन्ही खाचा सारख्याच.

लिनक्सची रीत अशी, की कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून त्याचं नाव ठरतं. खाच बदलली, नाव बदललं. सेटिंगची फाइल मात्र अजून जुन्याच नावाने हाका मारत होती. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरच्या आडनावाने पत्र घालावं आणि पोस्टमनने ते परत आणावं, तसं.

तिने फायलीत नवं नाव लिहिलं, नेटवर्क पुन्हा सुरू केलं आणि तेच चार स्क्रू लावून झाकण बसवलं.

चार वाजले. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अहो, चष्मा कपाळावर आणि शोधताय घरभर." आणि मागोमाग गाणं:

*घड्याळाच्या पोटी गं काटे दोघे भाऊ*
*थोरला म्हणे थांब, धाकटा म्हणे जाऊ*

सासरे भिंत धरत दारात आले. त्यांनी मूठ उघडली. आत पोलादी स्क्रू, तीन दिवसांच्या घामाने डागळलेला.

"पंखा घरघरत होता, सूनबाई. तिचा आवाज दबत होता त्यात. वाटलं, एकदा उघडून साफ करावं. लेकीला म्हटलं, सूनबाईला सांगू नकोस." ते थांबले. "मला वाटलं, मीच तिला घालवली."

"बाबा, पंखा आता बिलकूल वाजत नाही," ती म्हणाली.

बाहेर बॅग दाराशी उभी होती. नणंद भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती.

"आजची गाडी जाऊ द्या, ताई."

"संशय फिटला वाटतं?"

"फिटला. तुमच्याकडे बघायची मात्र सोय राहिली नाही."

"मग बघू नकोस. गप्प बस आणि ऐकू दे," नणंद म्हणाली, आणि बॅग पायाने आत सरकवली.