लाल दाखवणारं सॉफ्टवेअर

ऑर्वलला सॉफ्टवेअर हवं होतं, पण त्याच्याशी वाद न घालणारं. असलं काही बाजारात मिळत असतं तर मी एकेचाळीस वर्षांपूर्वी नवराच तसला निवडला नसता का?

तो काडतुसं घरी भरतो. उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायच्या, घासायच्या, त्यात बंदुकीची दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची. कुठली दारू, किती घातली, सगळं वहीत. अशा अकरा वह्या, कॉफीच्या डागांसकट. "लव्हॉन, तू काउंटीच्या कचेरीत तीस वर्षं कॉम्प्युटर बडवलास ना, मग हे घाल त्यात," म्हणाला.

मंगळवारी पहिलं सॉफ्टवेअर आठवडाभरासाठी फुकट घेतलं. म्हटलं, सगळ्यात ताजं पान घालून बघू. ते पान होतं जनेलच्या वीस काडतुसांचं. जनेल आमची लेक. शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होणार, ती शुक्रवारी येणार. बारा वर्षांची होती तेव्हापासून ती बापाच्या हातचीच काडतुसं वापरते. तिच्या काडतुसांच्या बुडाला तो माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो, म्हणजे इतरांत मिसळत नाहीत.

पान घातलं आणि पडदा लालभडक झाला. एवढा दाब बंदूक सोसणार नाही म्हणे.

"डोंबल कळतंय त्याला!" ऑर्वल म्हणाला. "जनेलची बंदूक पाहिलीय का त्यानं? बाद कर."

दुसरं घेतलं. तेही लाल.

"हेही बाद."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "अरे, दोघंही एकच सांगतायत! तू जलद जळणाऱ्या दारूचं नाव लिहिलंयस आणि माप संथ दारूचं, म्हणजे कितीतरी जास्त."

त्यानं चष्मा चढवून पान पाहिलं. "लिहिताना चुकलो असेन. भरताना नाही."

तिसरं सॉफ्टवेअर नुसतं लिहून ठेवणारं होतं. बरोबर म्हणत नाही, चूक म्हणत नाही. "हे झकास!" ऑर्वल म्हणाला. "हेच घे."

मी हो म्हटलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. आमच्याकडचा वायोमिंगचा वारा आधीच डोकं उठवतो, त्यात दार आपटलं तरी मी दचकायची. जनेलचा गाल बंदुकीला टेकलेला डोळ्यांपुढे यायचा. लिहिताना माणूस चुकतोच की. मीही चुकते. पण त्यानं गेल्या महिन्यात दोनदा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले. ऑर्वलचा एक नियम आहे, सगळ्या पाहुण्यांना ऐकवून झालेला: टेबलावर दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कपाट बंद.

टेबलावर दोन डबे होते. दोन्ही उघडे.

"ऑर्वल, जनेलची काडतुसं फोड."

"वेड लागलंय तुला! दोन दिवस राबलोय मी त्यांच्यावर."

"फोड म्हणते ना! नाहीतर मी तिला फोन करते, येऊच नको म्हणून."

तो तोंडाला येईल ते बोलला. कॉम्प्युटरला बोलला, मला बोलला, माझ्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. मग गोळ्या सैल करायची हातोडी घेतली आणि पहिलं काडतूस फोडून ताटलीत ओतलं. लांबट दाणे. संथ दारू, बरोबर. दुसरं, लांबट. तिसरं, लांबट. दर वेळी माझ्याकडे असा बघायचा की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा झाली.

सातव्यातून गोल दाणे पडले.

त्यानं पुढची सगळी फोडली. पाच निघाली तसली. त्यानं बोटानं ते गोल दाणे एकीकडे सारले, पुन्हा पुन्हा सारले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर खांदा झटकून म्हणाला, "कॉफी गार झाली."

शुक्रवारी दुपारी तो न सांगता गावात गेला. आला तो कागदी पिशवी घेऊन. दुकानातली तयार काडतुसं! ज्या माणसानं विकतच्या काडतुसांची आयुष्यभर टिंगल केली, तो! ती त्यानं आपल्या नेहमीच्या निळ्या डबीत ओतली, वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि मला म्हणाला, "तुझं ते नेलपॉलिश कुठेय?"

मी दिलं.

जनेल चार वाजता आली. बूट काढायच्या आधीच तिला डबी हवी होती. त्यानं दिली. तिनं एक काडतूस काढलं, बूड उजेडात धरलं. कंपनीचं नवंकोरं पितळ, एक ओरखडा नाही. तिनं बोट पाहिलं. बोटाला लाल रंग लागला होता.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी ओट्याकडे वळले.

"नेहमीसारखीच झालीत, डॅड," ती म्हणाली आणि बोट जीन्सला पुसलं.

ऑर्वल खुर्चीत बसला. बराच वेळ गुडघे चोळत होता.

"नाहीत," तो म्हणाला. "लव्हॉन, ते पहिलं सॉफ्टवेअर घे. लाल दाखवणारं. आणि गॅरेजची किल्ली आजपासून तुझ्याकडे ठेव."