लाईलचा अंगठा

लाईल हाउसरने सहाव्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि प्लग उन्हात धरला. आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके दिसत होते.

ते ठिपके पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे होते. इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी भडकलं की पिस्टनवर दणके बसतात आणि धातू असा उडतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोकच पडतं. पण नॉकिंगला आवाज असतो. आणि मागच्या शनिवारी याच गाडीत कानाला नळी लावून बसलेल्या लाईलने काहीसुद्धा ऐकलं नव्हतं.

त्याने ठिपके अंगठ्याने पुसले आणि प्लग पुन्हा बसवला. पुसून काय होणार होतं म्हणा! पण घाबरलेला माणूस आधी पुसतोच.

"झालं का, की त्या प्लगशी लग्न लावतोयस?" गॅरेजच्या दारातून त्याची बायको डोरीन ओरडली. हातात हॅम सँडविचची पिशवी, डोक्याला रुमाल. "आज आठ पौंडांपर्यंत हवेचा दाब द्यायचा ठरलाय. पुढच्या शनिवारी शर्यत आहे माझी!"

गाडी डोरीनच्या बापाची, चौसष्ट सालची. काचेच्या कारखान्यात तो बावीस वर्षं तिनेच गेला. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन त्याने कधी कुणाला उघडू दिलं नाही. शर्यतीच्या पट्टीवर आठ सिलिंडरवाले टगे तिला 'आजीबाईची चर्चला जायची गाडी' म्हणायचे. डोरीन तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. असल्या टग्यांना तिने त्यांच्या लहानपणी बसमध्ये गुमान खाली बसवलेलं होतं. "इंजिन बाबांचंच राहील, आणि यांचे दात मी घशात घालीन," ती म्हणाली. मग दोघांनी अख्खा हिवाळा खपून भंगारातल्या ट्रकचा टर्बो त्या इंजिनाला बसवला. इंजिनाच्याच धुरावर गरगरणारा हा पंखा आत जास्तीची हवा कोंबतो. हवा जितकी जास्त, तितका जोर जास्त आणि तितकाच धोकाही.

धोक्यावर लक्ष ठेवायला लाईलचे कान होते. ओहायो राज्यातल्या आसपासच्या तीन जिल्ह्यांमध्ये त्याच्या कानांचं नाव होतं. लोक फोनवरून इंजिन ऐकवायचे आणि तो बिघाड सांगायचा. त्याची पद्धत जुनी होती. इंजिनावर तांब्याची नळी बोल्टने आवळायची, तिला रबरी नळी जोडायची आणि ती नेमबाजांच्या कानझाकणीत घुसवायची. डोरीनने चालवायचं, त्याने ऐकायचं. त्याचा अंगठा वर असेल तर तिने दाबायचं, मूठ वळली की पाय उचलायचा. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

आणि पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यातली चौतीस वर्षंही त्याच कानांनी काढली होती. गेल्या उन्हाळ्यात तो डोरीनला म्हणाला होता, "यंदा रातकिडे नाहीतच गं. औषध फवारलं असणार." ती त्याच्याकडे बघतच राहिली होती. तेव्हापासून तो विषय त्याने मनाच्या तळाशी दाबून ठेवला होता. आज तो त्या प्लगवर चंदेरी होऊन वर आला.

दगडखाणीच्या चढाला गाडी लागली. लाईलने कानझाकणी घट्ट केली. नळीतून नुसती घरघर येत होती.

"पाच," दाबाचा काटा वाचत तो म्हणाला. "सहा."

डोरीनने त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठा वर होता. सवयीनेच वर गेला होता. तिने पाय आणखी दाबला. गाडी उसळली. लाईल जिवाच्या आकांताने ऐकत होता. घरघर, तीच घरघर. पिस्टन फुटला तर उकळतं तेल कुठून उडेल, पेटलं तर डोरीनच्या बाजूचं दार पटकन उघडेल का, तिचा गुडघा वाकतो तरी का हल्ली, असलं काहीबाही त्याच्या डोक्यात भिरभिरत होतं. काटा सातावर गेला. इतका तो आयुष्यात कधी भ्याला नव्हता.

त्याने मूठ वळली. डोरीनने लगेच पाय उचलला आणि गाडी कडेला घेतली.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"मग थांबवलंस कशाला?"

"काही ऐकू येत नाही म्हणूनच." त्याने कानझाकणी काढून हातात घेतली. "प्लगवर ठिपके होते, डोरीन. मी पुसले. इंजिन ठोकतंय आणि मला ऐकूच येत नाही. कान गेलेत माझे."

ती उतरली, फिरून त्याच्या बाजूला आली आणि हात पुढे केला. "दे इकडे. तू चालव."

"आवाज कसा असतो ते तुला कुठे ठाऊक?"

"मग सांग."

"पत्र्याच्या डब्यात राजम्याचे दाणे टाकल्यासारखा."

गाडी वळवून ते पायथ्याशी आले आणि पुन्हा चढाला लागले. आता पायाखालचा जोर लाईलच्या ताब्यात होता आणि डोळे तिच्या हाताकडे. चार. पाच. साडेपाच होताच तिची मूठ वळली, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली. त्याने झटकन पाय उचलला. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

गाडी थांबली. डोरीनने कानझाकणी काढून मांडीवर ठेवली.

"केवढा मोठा आवाज आहे, लाईल."

"ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागेल," तो कसाबसा म्हणाला. "दोन अंश. मग परत ऐकू. तू ऐक."

"हा आवाज मी मागच्या शनिवारीही ऐकला होता." तिने लाईलच्या पायांकडे बोट दाखवलं. "कानाला काही न लावता. इथे, पायाशी. चांगला मिनिटभर."

"मग पाय का नाही उचललास?"

"तुझा अंगठा वर होता ना."

लाईलने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. पाना मागच्या सीटवर होता. तो घ्यायला त्याला बराच वेळ लागला.